शिबिराचं मागचं दार

पहाटे पावणेपाच

मोटर सुरू झाली की नाही, यावर आमच्या दिवसाचा स्वभाव ठरतो. हे बॅटरी घेऊन विहिरीकडे उतरतात आणि मी अंथरुणातूनच कान लावून असते. घरघर ऐकू आली तर मी स्वयंपाकघराकडे वळते. नाही आली तर टँकरवाल्याला फोन. पहाटे पाचला फोन उचलणारा टँकरवाला मिळणं हीसुद्धा देवाची कृपाच, आणि ही गोष्ट मी गमतीने म्हणत नाही.

पाचगणी-महाबळेश्वरच्या डोंगरावर पाण्याची टंचाई म्हटलं की खालच्या लोकांना हसू येतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कृष्णा तिथेच उगम पावते, मग टँकर कशाला? कारण या डोंगराचा माथा जांभ्याचा आहे. जांभा पाणी पितो, पण धरून ठेवत नाही. खाली काळा कातळ लागला की ते पाणी कड्याच्या पोटातून झरे होऊन बाहेर पडतं आणि धोम धरणाकडे निघून जातं. आमच्या विहिरीला येणारा झरा दिवाळीत मनगटाएवढा असतो, मेमध्ये करंगळीएवढा. आणि सगळ्यांत जास्त शिबिरं भरतात ती मेमध्येच, कारण शाळा-कॉलेजांची मोठी सुट्टी तेव्हाच. पाणी सगळ्यांत कमी आणि माणसं सगळ्यांत जास्त, असा हा महिना आहे. सध्या 110 माणसं उतरली आहेत. विहिरीच्या जोडीला दहा हजार लिटरचा टँकर दीड दिवस जातो. पुण्याची मुलं असली तर एकच दिवस.

आमच्या शिबिरस्थळाची जागा एका चर्च-संस्थेची आहे. जुना दगडी बंगला, दोन लांबलचक डॉर्मिटऱ्या, पत्र्याचं सभागृह, छोटं चॅपेल आणि मागच्या बाजूला आमच्या दोन खोल्या. हे मूळचे नगर जिल्ह्यातले. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाले, मग बायबल स्कूलला गेले. मी मिरजेला नर्सिंग केलं, त्याच मिशन हॉस्पिटलात जे डॉ. वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभं केलं. संस्थेच्या कागदावर आम्ही ‘व्यवस्थापक दांपत्य’. प्रत्यक्षात प्लंबर, खजिनदार, वॉर्डन, माळी आणि रात्रीचे राखणदार. राहायला जागा, जेवण आणि मानधन मिळतं. मानधनाचा आकडा सांगितला की माहेरची माणसं विषय बदलतात.

सहा

पोहे दहा किलो, दूध बारा लिटर. कांदे मावशींनी रात्रीच चिरून ठेवलेले असतात.

स्वयंपाकाच्या मावशी पायथ्याच्या वाडीतून चढून येतात. गळ्यात तुळशीची माळ आहे, दर आषाढीला पंढरीला जातात. शिबिराच्या शेवटच्या रात्री चिकन असतं, तेव्हा त्या भाकऱ्या थापून देतात आणि पातेल्याच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत; ती फोडणी ह्यांच्याकडे. एकादशीला स्वतः साबुदाणा खातात आणि आमच्या धाकटीला तूप-वरण-भात भरवतात. आमच्या सकाळच्या प्रार्थनेला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी हात जोडून थांबतात. कुणी त्यांना थांबा म्हटलेलं नाही, जा म्हणायची तर कुणाची छातीच नाही.

ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळक सांगत, की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून. एकदा कणीक मळता मळता मी हे मावशींना सांगितलं. त्या जराही न थांबता म्हणाल्या, “मंग परतीची वाट बी मोकळीच असंल की!” पाहुणे म्हणून आलेल्या एका पाळकसाहेबांना मी हे उत्तर ऐकवलं. त्यांना हसू आलं नाही, त्यांनी विषय प्रवचनात घेतला. मला अजून हसू येतं.

साडेसहाला घंटा. लोखंडी रुळाचा तुकडा टांगलेला आहे, त्यावर हातोडीचे तीन ठोके. हा मान थोरल्याचा. तो सहा वर्षांचा आहे आणि या कामात कधी उशीर करत नाही, दात घासण्यात रोज करतो.

सात

आता ‘शांत वेळ’. मुलं हातात पवित्र शास्त्र घेऊन सिल्व्हर ओकच्या झाडांखाली पांगतात. मोबाइल आदल्या रात्रीच गोळा करून माझ्या कपाटात ठेवलेले असतात, त्यामुळे पहिल्या सकाळी निम्मी मुलं नुसती झाडांकडे बघत बसतात. तेही वाईट नाही. तिसऱ्या दिवशी पानं उलटू लागतात.

मग चॅपेलमध्ये भजन. इथे दरवर्षी एक न बोललेलं भांडण असतं. वडीलधाऱ्यांना पेटी-तबल्यावर टिळकांची भजनं हवी असतात, पोरांना गिटार आणि ‘वर्शिप’. मी पेटीच्या बाजूची. मराठी ख्रिस्ती माणसाने अभंगाच्या चालीवर गायला सुरुवात केली ती काही कालपरवा नव्हे. कृष्णराव सांगळे एकोणिसाव्या शतकात नगरकडे उभं राहून ख्रिस्ती कीर्तन करत होते, टाळ-मृदंगासकट. टिळकांनी 1917 साली इथून जवळच, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार पुढे फार टिकला नाही, पण आमच्यासारख्या जागांची मराठी वंशावळ काढायची तर ती तिथवर जाते. गिटारवाल्या पोरांना हे सांगितलं तर ऐकतात, मग गिटारच वाजवतात. चांगली वाजवतात, हेही खरं.

मी हे सगळं चॅपेलच्या खिडकीबाहेरून ऐकते. आत बसायला मला जमत नाही, पोह्यांचं पातेलं लाकडी टेबलापर्यंत न्यायचं असतं. शिवाय माकडं. लाल तोंडाची टोळी नाश्त्याची वेळ आमच्याइतकीच अचूक पाळते.

नऊ ते बारा

नाश्ता उरकला की 110 माणसं सभागृहात जातात आणि आवारात शांतता पसरते. शिबिरार्थी ज्याला ‘इथली शांती’ म्हणतात ती ही. तिच्या पोटात यावेळी काय चाललेलं असतं ते सांगते.

हे मुलींच्या डॉर्मिटरीमागे सेप्टिक टँकचं झाकण उघडून उभे असतात. सॅनिटरी पॅड कमोडमध्ये टाकू नका, अशी पाटी मराठीत आहे, हिंदीत आहे, चित्रासकट आहे. तरी दर शिबिराला एकदा लाइन तुंबते. पहिल्या वर्षी हे संध्याकाळी जेवले नव्हते. आता हात धुऊन येतात आणि चहा मागतात.

मी दवाखाना उघडते. दवाखाना म्हणजे माझं टेबल, एक खाट आणि औषधांचा डबा. पसरणी घाटाच्या वळणांनी पहिल्या दिवशी पोटं ढवळतात, दुसऱ्या दिवशी पाणी बदलल्यामुळे जुलाब. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. हे मी इतक्या मुलांना शिकवलंय, की माझ्या हातून झालेलं सर्वांत टिकाऊ शिक्षण बहुधा तेच. तापाच्या पोरांना खाटेवर, फार वाटलं तर जीपमधून वाईला. आणि रोज एखादी ‘पोट दुखतंय’ म्हणणारी मुलगी येते, जिचं पोट दुखत नसतं. घरची आठवण, नाहीतर घरचं काहीतरी न सांगण्याजोगं. तिला मी लसूण सोलायला बसवते. हात कामात असले की बोलणं सोपं जातं. सभागृहातल्या वक्त्यांना कधीच कळणार नाहीत अशा गोष्टी त्या लसणाच्या ढिगापाशी बाहेर आल्या आहेत. दोनदा मला त्या पुढे, जबाबदार माणसांपर्यंत न्याव्या लागल्या. गुपित ठेवीन असं वचन मी म्हणूनच कुणाला देत नाही.

मधेच पुण्याहून विश्वस्तांपैकी कुणाचा तरी फोन येतो. नवी डॉर्मिटरी कधी बांधायची? मी सांगते, की महाबळेश्वर-पाचगणीचा सगळा पट्टा 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालाय, बांधकामावर आणि झाडतोडीवर बंधनं आहेत, परवानगीशिवाय इथं वीट हलत नाही. हे त्यांना ठाऊक असतं. दर महिन्याला पुन्हा विचारतात. मला विचाराल तर नियम आहे ते बरंच आहे. जास्त माणसांची सोय झाली तर जास्त माणसं येतील, झरा मात्र तेवढाच राहणार.

धाकटी या वेळात कुठे असते? अडीच वर्षांची आहे ती. कधी मावशींच्या पदराला, कधी माझ्या कडेवर, कधी एखाद्या कॉलेजकुमारीच्या खांद्यावर. शिबिरात मुलं सांभाळायला हात खूप असतात, असं येणारे कौतुकाने म्हणतात. हात खूप असतात हे खरं, पण ते शनिवारी बसमध्ये बसून निघून जातात. पूर्वी बस हलली की ती रडायची. आता ती बसकडे पाठ करून आत येते. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता आलेलं नाही.

दीड

जेवण. चपात्या साडेचारशे, कणीक सोळा किलो, भात बारा किलो, डाळ पाच किलो. मोठा गॅस सिलिंडर दोन दिवसांत संपतो.

यावेळी आलेल्या चर्च-मंडळीने आकडा ऐंशी कळवला होता, आगाऊ रक्कमही ऐंशींचीच भरली. बसमधून उतरली एकशे दहा माणसं. नाव घेत नाही, हे फक्त त्यांचंच दुखणं नाही. “अहो ताई, पाच भाकरी आणि दोन मासे!” असं पुढारी हसत म्हणाले. त्या गोष्टीत भाकरी कुणी भाजल्या होत्या हे कुठेच लिहिलेलं नाही, हे मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं ते एवढंच, की डाळीत पाणी वाढवता येतं, चपातीत येत नाही. मावशी आणि वाडीतल्या दोन पोरी तेव्हापासून दीड तास लवकर येतात. त्या जादा दीड तासाचे पैसे मी त्या मंडळीच्या बिलात स्वतंत्र ओळ काढून लावले आहेत. पुढाऱ्यांनी भुवया उंचावल्या. सेवेत हिशेब कशाला, असं त्या भुवया म्हणत होत्या. हिशेब यासाठी, की मावशींची सेवा मी दान करू शकत नाही. ती माझी नाही.

अडीच

आमच्या खोलीचं दार आतून बंद होतं ते चारला उघडतं. दारावर खडूने लिहिलंय: आग, साप, रक्त असल्यासच वाजवा.

ही पाटी लावायला आम्हाला बराच काळ लागला. सुरुवातीला दार चोवीस तास उघडं असायचं. सेवेकऱ्याचं घर उघडं असावं असंच आम्ही दोघंही लहानपणापासून ऐकत आलो. जेवताना कुणी उशी मागायला यायचं, कुणी चार्जर, कुणी नुसतं बोलायला. एके दिवशी थोरल्याने चित्र काढलं, ‘माझं घर’. त्यात अकरा माणसं होती आणि आम्ही दोघं कोणते ते त्याला सांगता येईना. त्याच रात्री ह्यांनी खडू शोधला.

पुण्याच्या आमच्या एका वडील पाळकसाहेबांना ही पाटी रुचली नाही. त्यांना मी ‘स्मृतिचित्रे’ची आठवण करून दिली. टिळकांच्या अगत्याचं कौतुक सगळे करतात. कुणालाही घरी घेऊन येत, हातातलं देऊन मोकळे होत. पण ते पुस्तक लिहिलंय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, आणि त्या अगत्याला चूल कुणाची लागली हे पानोपानी हसत हसत सांगून ठेवलंय. शिबिरस्थळ चालवू पाहणाऱ्या प्रत्येक जोडप्याने, त्यातही नवऱ्याने, ते आधी वाचावं. धर्मशास्त्राचे ग्रंथ मागाहून वाचले तरी चालतील.

या दीड तासात आम्ही चौघं एका ताटाभोवती बसून जेवतो. उरलेलंच असतं, गारच असतं. मग मुलं झोपतात किंवा झोपल्याचं सोंग करतात. थोरल्याचा हल्लीचा खेळ म्हणजे ‘सभा’: पळीचा माइक, समोर उश्यांची मंडळी, आणि शेवटी डोळे मिटून “हालेलूया म्हणा!” हुबेहूब. पाहुण्यांना भारी गंमत वाटते. मला वाटत नाही, निदान पूर्ण वाटत नाही. गेल्या पावसाळ्यात, आवार रिकामं होतं, छताला ओल आली होती, रात्री प्रार्थनेला बसलो तर हा म्हणाला, “पप्पा, आता तर कुणी आलेलं नाही. तरीपण करायची?”

हे गप्प झाले. मीही. मग ह्यांनी दिवा बारीक केला आणि म्हणाले, “आत्ताच करायची. आत्ता कुणी बघत नाही.” मुलाचं समाधान झालं की नाही ते माहीत नाही, तो लगेच झोपला. पण त्या दिवसापासून आमची घरची प्रार्थना आम्ही चॅपेलमध्ये करत नाही, मोठ्याने करत नाही आणि त्यात कुठल्याही शिबिराचं नाव घेत नाही.

साडेपाच

खेळ. कबड्डी, डॉजबॉल, दोन मोडलेले चष्मे.

थोरल्याला मी अभ्यासाला बसवते. तो वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. पाचगणीतल्या नामांकित निवासी शाळा आमच्या गच्चीवरून दिसतात. तिथल्या वर्षभराच्या फीमध्ये आमचं काही वर्षांचं मानधन बसेल. त्याची खंत नाही. शाळेतले गुरुजी चांगले आहेत आणि मावशींचा नातू त्याच्या बाकावर आहे. खंत असलीच तर पुढची आहे. सातवीनंतर काय, याचं उत्तर डोंगरावर नाही, आणि ते शोधायला लागलो की बहुधा ही जागा सोडावी लागेल. आमच्या आधीचं जोडपंही त्याच कारणाने उतरलं होतं.

आठ

शेकोटी. मेमध्ये डोंगराचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, एक ठिणगी वणव्याला पुरते. म्हणून दगडी कड्यातच, जंगलाच्या बाजूला नाही, आणि दोन्ही हाताला पाण्याच्या बादल्या. बादल्यांपाशी हे उभे.

शेवटून दुसरी रात्र म्हणजे साक्षीची. मुलं एकेक करून उठतात. कुणी दारू सोडणार आहे, कुणी बापाला क्षमा करणार आहे, कुणी फक्त रडतं. बाहेरून बघणाऱ्याला हे सगळं भावनेचा पूर वाटेल, आणि काही अंशी ते असतंही. रात्र, जाळ, गाणं, थकवा, यांनी माणूस मऊ होतोच. काही निश्चय पसरणी घाट उतरता उतरताच गळून पडतात. पण श्रीरामपूरकडचा एक मुलगा चार वर्षांनी बायकोला घेऊन आला, नुसता ती जागा दाखवायला. दगडी कड्याशी उभा राहिला, बोलला काही नाही. जाताना त्याने मागे जाऊन तुंबलेली मोरी साफ करून दिली. अशी साक्ष मला जास्त पटते.

साडेदहा

फेरी. पंप बंद, गॅसचा कॉक बंद, डॉर्मिटऱ्यांची मोजणी, बाहेरचे दिवे मंद. कुंपणापलीकडे कधी गवा उभा असतो, तेव्हा ह्यांना मागच्या मागे सरकायचं असतं, बॅटरी त्याच्या डोळ्यांवर न मारता. मी तोवर उद्याचे हरभरे भिजत घालते आणि टाकीत काठी बुडवून पाणी मोजते. काठीवर खुणा आहेत. आज दुसऱ्या खुणेच्या खाली, म्हणजे पहाटे टँकर.

ही मागच्या दारची कामं कुणी करायची, याचा एक जुना दाखला आहे. उत्तराखंडात सातताल येथे मिशनरी ई. स्टॅन्ली जोन्स यांनी 1930 साली आश्रम सुरू केला. तिथे एक रीत होती: झाडूवाल्याला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यायची आणि त्या दिवशी संडास झाडण्याचं काम आश्रमातल्या मंडळींनी आपल्याकडे घ्यायचं. 1930 सालच्या हिंदुस्थानात ब्राह्मण घरातून आलेल्याने, साहेबाने, हाती तो झाडू घेणं काय असेल, कल्पना करा. गेल्या दिवाळीच्या शिबिरात आम्ही पुढाऱ्यांपुढे तशीच एक सूचना ठेवली. एक संध्याकाळ शिबिरार्थी भांडी घासतील, आणि स्वयंपाकघरातली माणसं पुढच्या रांगेत बसतील; सभेला बसायचं नसेल तर घरी जातील. ‘विचार करू’ असं उत्तर आलं.

तेव्हा येत्या दिवाळीत जे कुणी मंडळी घेऊन डोंगरावर येणार असाल, त्यांना विनंती. माणसांचा आकडा आठ दिवस आधी कळवा आणि तोच आकडा बसमधून उतरवा. चादर आपापली आणा. बादलीने आंघोळ करा. आणि एका संध्याकाळची भांडी तुमच्याकडे ठेवा. घासणी आणि राख आमच्याकडे आहे, पाणी मात्र बेताने वापरा.